लाखेचं फूल, मिश्रण चौथं

१८ ऑक्टोबर १९५६, गुरुवार. मालेगाव, जि. अकोला
डॉक्टरसाहेबांचा बदलीचा हुकूम आला. जबलपूर. येत्या एक तारखेपासून आपण मुंबई राज्यात. साहेब मूळचे तिकडचे, त्यांनी तिकडंच राहायचं लिहून दिलं होतं. नवे डॉक्टर कोण, कधी, कोणालाच ठाऊक नाही. तोवर दवाखाना म्हणजे मी कंपाउंडर आणि मिक्श्चरच्या बाटल्या.
सौ.ला सांगितलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, “मंग बाईबी जातीन?” म्हटलं, साहेब जाणार तर बाई मागं कशा राहतील. पोळी करपली.

२१ ऑक्टोबर, रविवार
डॉक्टरांच्या बाई स्वतः आपल्या क्वार्टरवर आल्या. कुंडी दोन्ही हातांनी धरलेली, चपराशाला हात लावू दिला नाही. झाडाचं नाव अँथुरियम. मोठी, बदामाच्या आकाराची पानं. फूल म्हणजे एक लालभडक पानच, लाख चढवल्यासारखं चकचकीत, मधून पिवळी शेपटी. अळूच्या कुळातलं म्हणे. बाईंच्या वडिलांनी कलकत्त्याहून आणलं होतं. वडील गेले, झाड राहिलं. गाड्या बदलत थंडीत जबलपूरपर्यंत तगणार नाही, म्हणून सौ.कडे ठेवून जातात.
“सुमित्रा, घर जम गया कि मैं लेने आऊँगी.” ऊन नको, पाणी बेतानं. आणि “जैसा है, वैसा ही रहने देना.”
सौ. नुसती मान हलवत होती. तिला अक्षरओळख बाईंनीच करून दिली. दोन वर्षं रोज दुपारी पाटी घेऊन जायची. आता हिंदी-मराठी दोन्ही वाचते, लिहिताना अडते.

२४ ऑक्टोबर
सकाळच्या मोटारीनं साहेब व बाई अकोल्याला, तिथून पुढं रेल्वेनं. सौ. फाट्यापर्यंत गेली होती. परत येऊन कुंडी दारातून आत, खिडकीपाशी घेतली.

१ नोव्हेंबर
राज्य बदललं. रोगी तेच, खोकला तोच. शिक्के जुनेच चालवायचे, असं तोंडी कळलं.

१८ नोव्हेंबर, रविवार
आज वेळ होता. कुंडी नीट पाहिली. आत माती म्हणून नाहीच! नारळाच्या शेंड्यांचा चुरा, कोळसे, विटांचे खडे. निव्वळ कचरा. एवढ्या मोलाचं झाड आणि त्याला खायला काही नाही. नाल्याकाठची काळी माती चाळून आणली, दोन भाग, त्यात जुनं शेणखत एक भाग. दवाखान्याच्या मापानं मोजून घेतलं. मिश्रण क्र. १. नवी मोठी कुंडी, हातानं दाबून भरली, वर लोटाभर पाणी.
सौ. म्हणाली, “बाईनं जसंच्या तसं ठिवाले सांगतलं होतं.” म्हटलं, कपाशी पिकते ज्या मातीत, तिथं एक फूलझाड नाही जगणार? ती आत निघून गेली.

१२ डिसेंबर
खालची दोन पानं पिवळी. फूल काळं पडून गळालं. थंडीनं असेल. पाणी वाढवलं.

२ जानेवारी १९५७
आणखी एक पान. देठाशी नुसतं ओढलं तर हातात आलं. कुंडीला नाक लावलं, नासलेल्या भाजीचा वास. उलटी केली. माती एकसंध गोळा, चिखल. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटते, आत दोरा. चार-पाचच पांढरी राहिलेली.
सडकी मुळं उकळलेल्या कात्रीनं कापली. लाल पोटॅशच्या पाण्यात धुतलं, कापलेल्या जागी कोळशाची पूड. रोग्याची जखम इतकी जपून धूत नाही मी. नंतर चुकून ओठाला बोट लागलं, तासभर अळू खाल्ल्यासारखी खाज.
मिश्रण क्र. २: नदीची रेती तीन, माती एक. सौ.ला म्हटलं, आता ठीक आहे.

२९ जानेवारी
तीनच पानं उरली, तीही मऊ पडलेली. रेती वरून दोन दिवसांत कोरडी, आत खाली अजून ओल. पाणी घालू की नको ते कळत नाही. कुंडीच्या बाहेर पांढरी पुटं चढली, विहिरीच्या पाण्याचा क्षार. दवाखान्यातलं डिस्टिल्ड पाणी बाटलीभर आणावं असं मनात आलं. नाही आणलं. ते इंजेक्शनचं.

१४ फेब्रुवारी
जबलपूरहून कार्ड, सौ.च्या नावे. “घर मिल गया है. मेरा पौधा कैसा है?” सौ. म्हणाली, “तुमीच लिहा, माह्यं अक्षर धड नाही.” काय लिहायचं ते सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, आहे ते लिहीन.
दवाखान्यात बसून लिहिलं. सगळे कुशल. नवे डॉक्टर आले, तरुण आहेत. आणि झाड उत्तम आहे, दोन फुलं आली आहेत.
का लिहिलं? रांगेत माणसं उभी होती, घाईत... नाही. घाई नव्हती.
टाकून आलो.

२० फेब्रुवारी
मिश्रण क्र. ३: नुसता कोळसा आणि विटांचे खडे. सडणं थांबलं. पण पाणी घातलं की सरळ खाली. पानं निस्तेज. मरत नाही, वाढतही नाही.

५ मार्च
बाईंचं पत्र आलं. मी मेडशीला देवी टोचायच्या कामावर होतो, सौ.नं फोडून वाचलं. परत आलो तर कुंडी ओट्यावर, तिच्यासमोर. पत्र हातात.
“दोन फुलं कोठी हायेत?”
मी चप्पल काढत होतो.
“बाईनं लिवलं, वाचून डोये भरून आले. दाखवा न मले. कोठी हायेत फुलं?”
म्हटलं, त्यांना तिकडं बसून उगाच घोर कशाला. बरं होईलच झाड.
“पोरीच्या वक्तीबी तुमी असंच सांगतलं.”
जेवण वाढलं, पाणी ठेवलं.

६ मार्च
लिहून ठेवतो. आजपर्यंत लिहिलं नव्हतं. आमची मुलगी, दवाखान्यातच झाली, नऊ दिवस होती. बारसं व्हायचं होतं, त्यामुळं नाव नाही. सातव्या दिवसापासून दूध ओढत नव्हती. साहेबांनी मला सांगितलं होतं, आशा नाही. सौ. पलीकडच्या खोलीत तापात. ती विचारायची, मी सांगायचो, बरी आहे, दूध घेते, झोपली आहे. दोन दिवस. नवव्या दिवशी बाई आल्या, तिच्याजवळ बसल्या, सरळ सांगितलं आणि मूल आणून मांडीवर दिलं. अर्धा तास मिळाला तिला.
मी चांगल्यासाठीच केलं होतं. अजूनही तसंच वाटतं. वाटतं की नाही, कोण जाणे.
रोज विसेक जणांना म्हणतो, बरं होईल. तो धंद्याचा भाग. घरी येऊन तेच तोंड.

९ मार्च
सौ. आज बोलली. “बाईले खरं लिहा. तुमच्या हातानं. मी नाही लिवनार.” लिहिलं. दोनदा फाडलं. तिसरं पाकिटात घातलं.

१७ मार्च, रविवार
पाकीट अजून खणात.
आज तिच्या सांगण्यावरून पहिल्यासारखं करायचं ठरलं. तिला सगळं आठवत होतं. मी फेकायला काढलं, तेव्हा तिनं निरखून पाहिलं होतं. किराणावाल्या जैन शेठजींकडून नारळाच्या शेंड्या आणल्या, तिनं विळीवर बारीक कापल्या. तीन पाण्यांत भिजवल्या, पहिलं पाणी चहासारखं निघालं. शेठजी विचारत होते, “शेंड्यांचं काय करता जी? देवाले तर अख्खं नारळ पाह्यजे.” त्यांना काय सांगणार.
मेडशीच्या जंगलातून सागा-पळसाखालचा कुजलेला पाला पोतंभर मागवला, गाडीवाल्यानं दारात आणून टाकला. बाईंच्या कुंडीत पाला नव्हता. तो माझा. सौ. हो म्हणाली, पण “जास्त नोका टाकू.”
मिश्रण क्र. ४: शेंडी तीन, पाला एक, कोळसा एक, खडे एक. मूठ आवळून पाहिली: पाणी टपकत नाही, मूठ सोडली की मिश्रण मोकळं होतं.

२० मार्च
कुंडीसाठी गोमाजी कुंभाराकडे. बुडाला पाच भोकं आणि बाजूनंही, असं सांगितलं. म्हातारा चाक थांबवून पाहतच राहिला.
“सारी उमर पानी राहाले भांडे केले म्या. तुमी पानी जावाले मांगून राह्यले. दिमाग ठिकानावर हाय न, कंपाउंडर?”
म्हटलं, याची मुळं हवा खातात.
“मंग झाडाले टांगून देजा!” पण करून दिली. भोकं काडीनं एकसारखी पाडली. भट्टीतले फुटके कवेलू, म्हणजे कौलांचे तुकडे, खड्यांसाठी फुकट देतो म्हणाला.

२५ मार्च
लावलं. खोड नि मुळांचा जोड मातीत गाडायचा नाही, वर ठेवायचा. सौ.चं म्हणणं, बरोबर निघालं. पहिल्यांदा मी तोच गाडला होता. दाबलं नाही. हलतं म्हणून बांबूच्या कमटीचा आधार.
मी विचारलं, “काय वाटतं?” तिनं उलट विचारलं, “तुमाले काय वाटते?” मी सवयीनं जगेल म्हणणार होतो. गप्प राहिलो.

२१ एप्रिल
मरत नाही. एवढंच.

१४ मे
उन्हाचा कहर. झळ आत येते. पानांच्या कडा जळाल्या कागदासारख्या. खिडकीला तरट बांधून भिजवतो, सकाळी नि दुपारी. कुंडी परातीतल्या खड्यांवर, खड्यांखाली पाणी, बूड पाण्यात नाही. पिण्याचं पाणी सौ. लांबच्या विहिरीवरून आणते, त्यातलंच फडक्यातून गाळून घालते. शेजारीण म्हणाली म्हणे, “लेकराले इतकं करत नाही कोनी.” सौ.नं तिला काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही.

१९ जून
फ्लूची साथ. मुंबईहून आलेल्या एकापासून सुरू झाली म्हणतात. घरंच्या घरं अंथरुणात. नवे डॉक्टर स्वतः तापात, तरी बसतात. मिक्श्चर बनवून हात दुखतात. दोन दिवस झाडाकडे पाहिलं नाही.

२७ जून
सौ. दवाखान्यात येऊ लागली. बायकांच्या बाजूला पाणी देणं, कपाळावर पट्ट्या. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, “माहा लेक वाचन न जी?” मी तोंड उघडण्याआधी सौ. म्हणाली, “सांगता येत नाही, माय. डॉक्टर पाहून राह्यले. तू जवळ बस त्याच्या.” म्हातारी रडली, पण जाऊन बसली. मुलगा वाचला. वाचला नसता तरी...

११ जुलै
पाऊस चांगला. सौ.नं रांजण पागोळीखाली ठेवला, झाडाला तेच पाणी. पुटं चढणं बंद. मी तापातून उठलो, पाय अजून लटपटतात.

४ ऑगस्ट, रविवार
नवं पान. गुंडाळी तांबूस, उलगडताना ओलसर. दोन दिवसांत हाताच्या पंजाएवढं. आणि जोडाच्या बाजूला कोंब! वेगळा, लहान. सौ.नं बोटानं दाखवला. दाखवताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण हसत होती.

१ सप्टेंबर
मोठ्यावर पाच पानं, कोंबावर दोन. फूल नाही. पाल्याचा भाग खाली बसून घट्ट होतोय. पुढच्या वेळी पाला अर्धा घ्यायचा.
खणात औषधांची यादी शोधताना पाकीट दिसलं. मार्च महिन्याचं. आता काय टाकायचं, म्हणून परत ठेवलं.

१० ऑक्टोबर
बाईंचं कार्ड. अकोल्यात भाचीचं लग्न आहे. दिवाळीनंतर एका रात्रीसाठी येतील, झाड घेऊन जातील.
सौ.: “पत्र टाकलं होतं न तुमी?”
“नाही.”
तिनं कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं. मग, “मंग आता तोंडानं सांगजा.”

१६ नोव्हेंबर, शनिवार
बाई आल्या. बारीक झाल्यात. सौ.ला मिठीत घेतलं, दोघी रडल्या. मी सामान आत ठेवत राहिलो, जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला.
चहा झाल्यावर सांगितलं. उभ्यानंच. फुलं नव्हती. झाड मीच सडवलं होतं, तुमचं मिश्रण फेकून. पत्रात खोटं लिहिलं.
बाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हणाल्या, “अम्मा को मैंने पढ़कर सुनाया था.”
त्यांच्या आई उन्हाळ्यात वारल्या. शेवटचे दोन महिने अंथरुणात. नवऱ्यानं आणलेल्या झाडाला दोन फुलं आली, हे त्या येईल त्याला सांगत होत्या म्हणे.
सौ.नं माझी बाजू घेतली नाही, मोडलीही नाही. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “दिखाओ, कहाँ है.”
झाडापाशी बसून होत्या. पानांची खालची बाजू पाहिली, मिश्रणात बोट घालून पाहिलं. “यह पत्ते की खाद किसने डाली?” म्हटलं, मी. त्यांनी मान हलवली. बरं म्हणून की वाईट म्हणून, कळलं नाही.
रात्री जेवताना माझ्याशी एकदाच बोलल्या. वरण वाढायला सांगितलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी बाई म्हणाल्या, झाड सुमित्राकडेच राहू दे, मेलेलं तिनंच उठवलं. सौ. ऐकेना. “तुमच्या बाबाचं हाय थे. घेऊन जा.” दोघींची बरीच ओढाताण. शेवटी ठरलं, मोठं जबलपूरला, कोंब इथं.
कोंब तोडायचं काम माझ्याकडे आलं. बाईच म्हणाल्या, “आप काटिए. हाथ आपका साफ है.” यात दुसरं काही होतं का, ते मी विचारलं नाही.
मिश्रण सगळं झाडलं. मोठ्याची मुळं पांढरी, जाड, बोटभर लांब. कोंबाला दोनच, तीही अर्धवट. उकळलेल्या ब्लेडनं जोडाशी कापलं, कोळशाची पूड लावली. मोठं ओल्या शेवाळात नि तरटात बांधून टोपलीत, टोपली बाईंच्या मांडीवर. लहान वाडग्याएवढ्या कुंडीत कोंब, पाला अर्धाच घेतला.
सौ.नं हात धुता धुता विचारलं, “हे जगन का?”
“माहीत नाही. मुळं दोनच आहेत. थंडी येते आहे. निम्मी आशा धर.”
ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.” आणि कुंडी खिडकीत कुठं ठेवायची ते पाहू लागली.
अकराची मोटार. बाईंनी सौ.चे हात धरले. मला नमस्कार केला. मीही.

२४ नोव्हेंबर
कोंबाचं एक पान पिवळं. कापलं नाही, सौ. म्हणते, झाडालाच गाळू द्या.
बाईंना पत्र लिहिलं. लांब नाही. तुमच्या आईंना जे सांगितलं गेलं ते माझ्यामुळं, एवढंच. दवाखान्यापुढच्या पत्रपेटीत लगेच टाकलं. सौ.नं स्वतःच्या अक्षरात खाली चार ओळी लिहिल्या. मी वाचल्या नाहीत.

८ डिसेंबर, रविवार
जबलपूरहून काही नाही. टोपली पोचली की नाही तेही नाही.
कोंबाचं दुसरं पान अजून हिरवं. ताठ आहे, पण गेल्या आठवड्याइतकंच. मूळ धरलं की नाही पाहायचं तर उपटावं लागेल. मी हात पुढं केला होता.
सौ. म्हणाली, “राहू द्या.”